नैऋत्येची खोली : बांधून आणि राहून शिकलेल्या सात गोष्टी

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात आम्ही घर बांधलं, तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. दारव्हा रोडवरच्या एमआयडीसीमुळे वस्ती वाढत होती, शेतांचे लेआउट पडत होते. ३० बाय ५० चा प्लॉट, साठवलेले पैसे आणि बँकेचं कर्ज एवढ्यावर आम्ही पाया खणला. आज लोहारा यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि आमच्या गल्लीत अजूनही नवी घरं उठतात. बांधणाऱ्या बायका नकाशा घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, मास्टर बेडरूम कशी घेऊ?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

१. नकाशाच्या आधी ऊन पाहा

वास्तुशास्त्राप्रमाणे घरातल्या कर्त्या जोडप्याची खोली नैऋत्येला. सासूबाईंची तशी इच्छा होती आणि आम्ही ती मनापासून पाळली. पण त्या कोपऱ्यावर ऊन किती वेळ असतं, हे ना आम्ही पाहिलं ना ठेकेदाराने सांगितलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. पहिल्याच उन्हाळ्यात रात्री दहाला दिवा मालवताना माझा तळहात पश्चिमेच्या भिंतीला लागला आणि मी तो झटकन मागे घेतला. अंगणात हवा निवली होती, भिंत मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी होती. सासूबाईंनीही हात लावून पाहिला. म्हणाल्या, "भित निवली नाही वं अजून."

नऊ इंची विटेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती ऊब आत पोचायला सहा-सात तास लागतात. दुपारी तीनचं ऊन आपल्याला रात्री नऊ-दहाला, नेमकं अंथरूण घालताना भेटतं. म्हणून प्लॉट घेतल्यावर एका उन्हाळ्यात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहा. कुठली बाजू किती वेळ तापते, ते वहीत मांडा आणि मगच नकाशा काढायला द्या.

२. दक्षिणेला भिऊ नका, पश्चिमेला पांघरूण द्या

आमच्या भागात मेच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा सज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला, की त्याच सज्ज्याखालून कोवळं ऊन गादीपर्यंत येतं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याच्यापुढे सज्ज्याचं काही चालत नाही. तिथे भिंतच झाकावी लागते.

नैऋत्येची खोली हवी असेल तर खुशाल घ्या, पण पलंग आणि पश्चिमेचं ऊन यांच्यामध्ये काहीतरी ठेवा. तिथे न्हाणीघर घ्या, कपड्यांचं कपाट घ्या. आम्ही चार वर्षांनी कपाट हलवून पश्चिमेच्या भिंतीला लावलं. पावसाळ्यातली ओल कपड्यांना लागू नये म्हणून भिंत आणि कपाटात दोन इंच जागा सोडली. बाहेर कडुनिंब लावला. आता त्याची सावली खिडकीच्या वर पोचली आहे.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला बापू कुटीत गेलात तर भिंतींकडे नीट पाहा. मातीच्या भिंती, वर कवेलू आणि पुढे ओसरी. ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. आपल्या जुन्या घरांतली सपरी, म्हणजे ओसरी, हेच काम करत होती. सिमेंटचं घर बांधताना आपण सपरी काढून टाकली आणि तिचं कामही विसरलो.

३. स्लॅब ही पाचवी भिंत आहे

एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन खातो तो स्लॅब. खाली पंखा लावला तरी वरची गरम हवाच अंगावर येते. आम्ही गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं काम करून घेतलं. तेवढा खर्च जमत नसेल, तर दर फाल्गुनात चुन्याचे दोन हात द्या. पांढरी गच्ची ऊन परत पाठवते. पहिल्याच रात्री फरक कळतो.

४. कूलरची जागा नकाशातच ठरवा

विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, तरी नकाशात तो नसतो. मग घर झाल्यावर मिळेल त्या खिडकीत तो अडकवतात, वायर दारातून ओढतात आणि बादलीने पाणी भरतात. कूलर सावलीच्या बाजूला, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत बसवा. खिडकीखाली पक्का ओटा, जवळ पाण्याचा नळ, सांडलेलं पाणी जायला नाली आणि हाताशी प्लग एवढं आधीच करून घ्या.

कूलर बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे आतली हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा झरोका उघडा लागतो. बंद खोलीत कूलर लावला, की चादरी दमट होतात आणि घाम वाळत नाही. आमच्या खोलीला समोर खिडकीच नव्हती. शेवटी भिंत फोडून झरोका काढला. प्लास्टर झालेली भिंत फोडण्याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

५. आधी पलंग मांडा, मग भिंती

"१२ बाय १२" कागदावर मोठी वाटते. सहा बाय साडेसहाचा पलंग ठेवला, दोन फूट खोलीचं कपाट लावलं, त्याचं दार उघडायला जागा सोडली, की चालायला काय उरतं ते मोजा. जोतं भरून झालं, की तिथेच चुन्याच्या फक्कीने पलंग, कपाट आणि दारं आखा. मग दोघांनी त्यातून चालून पाहा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना अडीच फूट जागा ठेवा. एकाला भिंतीकडून दुसऱ्याला ओलांडून उठावं लागू नये.

६. रात्री तीनची खोली आखा

दुकानातल्या चित्रातली खोली दिवसा पाहायची असते. आपण तिच्यात रात्री राहतो. दिव्याचं एक बटण दाराशी आणि दुसरं उशीशी, दोन्हीकडून चालणारं हवं. न्हाणीघराच्या वाटेवर पायाशी मंद दिवा हवा. वीज गेल्यावर निदान एक पंखा आणि तो दिवा चालेल, अशी इन्व्हर्टरची वेगळी वायर भिंती बंद होण्याआधीच टाकून घ्या. आजारी माणसाजवळ जागलेल्या प्रत्येकाला याची किंमत माहीत आहे.

७. ही खोली उद्या कुणाची?

तीन वर्षांपूर्वी सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात लागून न्हाणीघर होतं ते फक्त आमच्या खोलीला. आम्ही दोघांनी दिवाणखान्यात गाद्या घातल्या आणि ती खोली त्यांना दिली. तेव्हा कळलं, की न्हाणीघराचं दार सव्वादोन फुटांचं आहे आणि वॉकर आडवा करूनही आत जात नाही. उंबरा होता, फरशी गुळगुळीत होती. पुन्हा गवंडी बोलावला. दार तीन फुटांचं केलं, उंबरा काढला, खरखरीत फरशी बसवली आणि कमोडशेजारी धरायला दांडी लावली.

बांधताना हे करायला फारसा वेगळा खर्च आला नसता. तरुणपणी बांधतो ते घर म्हातारपणी वापरायचं असतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सासूबाई आता त्याच खोलीत असतात. संध्याकाळी कडुनिंबाची सावली भिंतीवर चढली, की बसल्या जागेवरून हात लांब करून भिंत चाचपतात. "आज लवकर निवली," म्हणतात. ते ऐकलं, की खोली आता कुठे पुरी झाली असं मला वाटतं.