फुलं बदलतात, पूजा थांबत नाही



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६

थोडक्यात अर्थ: ज्याच्यापासून सगळे जीव निर्माण झाले आणि ज्याने हे सगळं व्यापलं आहे, त्याची आपल्या कर्माने पूजा करून माणूस सिद्धी मिळवतो. ज्ञानेश्वरीत माउली या कर्मालाच पूजेची फुलं म्हणतात.

चिंतन: टेस्टिंग, कोडिंग, रिपोर्ट, सगळंच टूल करायला लागलं तर माझी किंमत काय? आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रश्न छळतोय.

भीती जुनीच आहे. ऐंशीच्या दशकात बँकांत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटनांनी जोरदार विरोध केला होता. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं. हाताने लेजर लिहिणं, व्याज काढणं हळूहळू संपलं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारणं अनेक होती, त्यात कॉम्प्युटरही होता. त्यामुळे "नवीन कामं येतातच की" एवढं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही.

श्लोक पुन्हा वाचा. कर्म हे पूजेचं साधन आहे, पूजा करणारा माणूस आहे. मोगऱ्याचा हंगाम संपला की आपण झेंडू वाहतो. लेजर गेलं, उद्या कदाचित कोडिंगही जाईल; वाहणारे हात तेच राहतात. कामाचा भाव बाजार ठरवतो. पण ज्याने सगळं व्यापलंय तो आपल्यातही आहे, आणि ही किंमत पगाराच्या स्लिपवर येत नाही.

आता अवघड भाग. ऑटोमेशन लिहिणारेही आपणच आहोत. "सगळं व्यापलंय" म्हटलं, की माझ्या स्क्रिप्टमुळे ज्याचं काम जाणार आहे तोही त्यात आला. "किती तास वाचले" हे प्रेझेंटेशनमध्ये दाखवताना "त्या माणसांचं पुढे काय?" हे मीटिंगमध्ये विचारणं, हेही आपलं कर्मच. ते टाळून केलेली पूजा अर्धवट राहते.

आज करून पाहूया:
१. आपण केलेल्या ऑटोमेशनमुळे कोणाचं काम बदललं, त्या व्यक्तीचं नाव आठवा.
२. तिच्याशी दहा मिनिटं बोला. नवीन काही शिकवता येत असेल तर शिकवा.
३. रात्री झोपताना दिवसभराचं काम, छोटं असो वा मोठं, देवाच्या पायाशी ठेवा.

पांडुरंग हरी!