मुळाशी बसलेला पाहुणा

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात आमचे गाव आहे. हा भाग मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. आमची थोडीशी काळी जमीन आहे. मिरची चांगली आली, की ईदला नवे कपडे येतात आणि आपाच्या कॉलेजची फी भरली जाते.

दोन वर्षांपूर्वी आमची मिरची खुजी राहिली. पाने पिवळी पडली. पाणी दिले तरी झाडे दुपारी माना टाकत. अब्बांनी एक झाड उपटले. मुळांवर जागोजागी गाठी होत्या. कोणीतरी म्हणाले, "पुढच्या वर्षी मका लावा. मक्याला हा रोग होत नाही."

अब्बांनी मका लावला. तो हिरवागार वाढला. मुळांवर एकही गाठ दिसली नाही. अब्बांना वाटले, संकट टळले. यंदा त्यांनी पुन्हा मिरची लावली. पण झाडे पुन्हा पिवळी पडली!

दुसऱ्या दिवशी मी आणि अब्बा शाळेत विज्ञानाच्या सरांकडे गेलो. पिशवीत मिरची, बांधाजवळचा मका, सोयाबीन आणि लव्हाळा यांची मुळे होती. मी म्हणालो, "सर, सोयाबीनलाही गाठी आहेत."

सरांनी सोयाबीनची एक गाठ बोटाने चोळली. ती लगेच सुटली. आतून ती गुलाबी होती. सर म्हणाले, "ही गाठ उपकारी जिवाणूंची आहे. ते हवेतील नत्र पिकाला देतात. आता मिरचीची गाठ काढून पाहा."

ती सुटेना. मूळच तेथे सुजले होते.

सर म्हणाले, "हे सूत्रकृमीचे काम आहे. त्याचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते मुळात शिरते आणि तेथेच बसून रस पिते. मादी तीनशे ते पाचशे अंडी घालते. उबदार जमिनीत महिनाभरात नवी पिढी तयार होते."

"पण मका तर निरोगी होता!" अब्बा म्हणाले.

सरांनी मक्याचे धुतलेले मूळ भिंगाखाली धरले. त्यावर खसखशीहूनही बारीक, तपकिरी ठिपके होते. "ही अंडी आहेत. मका आजारी दिसला नाही, पण त्याने पाहुण्याला वर्षभर जेवू घातले. आजारी न पडणे आणि किडीला थारा न देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

लव्हाळ्याच्या मुळांवरही तसेच ठिपके होते. लव्हाळा दिसायला गवतासारखाच. पीक निघाले, शेत रिकामे झाले, तरी तो जमिनीत होताच. म्हणजे पाहुण्याचे ताट कधी रिकामे झालेच नव्हते!

"मग सगळेच सूत्रकृमी सगळी पिके खातात का?" मी विचारले.

"नाही. प्रत्येकाची आवड वेगळी. राजस्थानात १९५८ साली गहू आणि जव यांच्या मुळांवर एक सूत्रकृमी आढळला. त्या रोगाला 'मोल्या' म्हणतात. तो हरभऱ्यावर किंवा मोहरीवर वाढत नाही. भाताच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी सावा नावाच्या गवतावरही जगतो. म्हणून आधी शत्रू ओळखावा, मग पीक निवडावे. एकाच पिकाच्या सगळ्या वाणांवरही तो सारखा वाढत नाही. म्हणून वाण विचारून घ्यावे. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे सल्ला घ्या."

यंदा मिरची थोडीच आली. आपाची फी भरण्यासाठी अब्बांनी दोन बकऱ्या विकल्या. उन्हाळ्यात त्यांनी शेत खोल नांगरले आणि माती कडक उन्हात तापू दिली. आम्ही सर्वांनी लव्हाळा गाठींसह वेचून काढला. एका तुकड्यात झेंडू लावायचे ठरले. झेंडूच्या मुळांतील द्रव्य सूत्रकृमींना मारक असते. मिरचीची रोपे स्वच्छ वाफ्यातूनच आणायची, हेही ठरले.

आता अब्बा वरची हिरवी पाने पाहून समाधान मानत नाहीत. ते एखादे झाड उपटतात, मुळे धुतात आणि मला हाक मारतात, "बेटा, तुझे भिंग आण!"

शब्दार्थ
खुजी – वाढ न झालेली, ठेंगणी
नत्र – हवेतील एक वायू, नायट्रोजन
थारा – आसरा, राहण्याची जागा
वाण – पिकाचा प्रकार
मारक – नाश करणारे
वाफा – रोपे तयार करण्याची जागा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भोकरदन तालुका कोणत्या पिकासाठी प्रसिद्ध आहे?
(आ) फी भरण्यासाठी अब्बांनी काय विकले?
२. कारणे लिहा.
(अ) मका हिरवागार असूनही मिरची पुन्हा पिवळी पडली.
(आ) अब्बांनी उन्हाळ्यात शेत खोल नांगरले.
३. सोयाबीनची गाठ आणि मिरचीची गाठ यांतील फरक सांगा.
४. वाक्यात उपयोग करा : माना टाकणे, संकट टळणे, थारा देणे.
५. तुमच्या परिसरातील एखादे तण मुळासह उपटा. मुळे धुऊन पाहा आणि जे दिसेल ते पाच वाक्यांत लिहा.