उंच केलेल्या जीपचे वॉबलिंग

जुनी विलीज जीप लांब शॅकल घालून उंच केली, की खड्डा लागताच स्टिअरिंग हातात थरथरते. गॅरेजवाले आपले भाई लगेच डॅम्पर बसवतात. आमच्या मते हा ऐब झाकणे झाले आणि गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात घालणे.

प्रथम टायरची हवा व बॅलन्स पाहावा. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. टाय रॉडची टोके मात्र चाके जमिनीवर ठेवूनच, दुसऱ्याकडून स्टिअरिंग हलवून तपासावीत. सर्व घट्ट असेल तर कॅस्टर घटला समजावे. शॅकल पुढे असल्याने तो लांबवताच अ‍ॅक्सल पुढे कलतो. पाटा व अ‍ॅक्सलमध्ये उताराची पाचर द्यावी, यू-बोल्ट कसावेत. बिल नंतर.