बिझनेस अ‍ॅनालिस्ट झालेल्या भाचीला मामाचे कानमंत्र

केशवापुरातली पोरगी बिझनेस अ‍ॅनालिस्ट झाली, आता लोक विचारतील, 'कोड लिहीत नाहीस, मग करतेस काय?' सांग, ज्याचं काम अडलंय त्याची नेमकी अडचण शोधते आणि सॉफ्टवेअर करणाऱ्याला कळेल अशी मांडते. या कामातल्या पाच गोष्टी गाठीला बांध.

१. मागितलं ते लिहून घे, पण तिथेच थांबू नकोस. क्लाएंट म्हणेल, रोजचा रिपोर्ट हवा. विचार, तो कोण वाचणार? वाचून काय करणार? उत्तर आलं नाही तर तो रिपोर्ट कुणालाच नकोय.

२. मीटिंगरूममध्ये बसून काम कळत नाही. अमरगोळच्या एपीएमसीत अडत्याच्या पेढीवर सकाळभर बस. मालक सांगेल, 'वजन गुणिले भाव, झालं बिल.' दिवाणजी पट्टी करताना बघ. आधी बारदानाचं वजन वजा, मग हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याने पेरणीला घेतलेली उचल. ती उचल कॉम्प्युटरमध्ये नसते, दिवाणजीच्या गादीखालच्या वहीत असते. सॉफ्टवेअर असूनही जिथे अशी वही चालू असते, तिथे काहीतरी विचारायचं राहिलेलं असतं. ती वही मागून घे, वाच.

३. अडचणीच्या मुळाशी जा. आपल्या कर्नाटकातली 'भूमी' योजना नीट अभ्यास. सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर आले. नुसतं टायपिंग केलं असतं तर शेतकऱ्याचे हेलपाटे तसेच राहिले असते. त्याला गावच्या लेखापालाला शोधत फिरावं लागे, हात ओले करावे लागत. म्हणून उतारा तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निघायला लागले, मधलाच अर्ज पुढे सरकवायची सोय ठेवली नाही. कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा दिल्याशिवाय नोंदीला हात लावता येईना. आणि खिडकीवर दुसरा स्क्रीन ठेवला, तोही शेतकऱ्याच्या बाजूला तोंड करून. याला विश्लेषण म्हणतात. बदलाने कुणाचा अधिकार जातोय, तेही आधीच हेरून ठेव; विरोध तिथूनच येतो.

४. नियम वेगळे लिही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ ला दर पुन्हा बदलले. दर एका तक्त्यात असेल तर तक्ता बदलला की काम झालं. दहा ठिकाणी पेरलेला असेल तर अकरावी जागा राहतेच. आणि साइन-ऑफ घेण्याआधी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखव. 'अहो, असं नाही' हे वाक्य गो-लाइव्हच्या आधी ऐकलेलं बरं.

५. पदाच्या नावात अडकू नकोस. १९६८ साली टीसीएस सुरू झाली, त्या काळात हे काम सिस्टीम अ‍ॅनालिस्टच्या पदरात असे. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यानंतर जाडजूड दस्तऐवजाचं महत्त्व घटलं, छोट्या यूझर स्टोऱ्या रुळल्या. २००३ मध्ये टोरांटोत या पेशाची आंतरराष्ट्रीय संस्था, आयआयबीए, उभी राहिली. तिचं 'बाबोक' हे मार्गदर्शक आणि सीबीएपी ही परीक्षा आज जगभर मानतात. परीक्षा जरूर दे. आता इतिवृत्त आणि कच्चा मसुदा एआय मिनिटात लिहून देतो. लिहून घ्यायला हरकत नाही. पण गादीखाली वही आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. ते माणूस माणसाला सांगतो, तेही विश्वास बसल्यावर.

तेव्हा पोरी, मराठी, कानडी, हिंदी, समोरच्याची जी भाषा असेल तिच्यात बोल. हमालालाही 'अहो' म्हण आणि मॅनेजरला विचारशील तितक्याच आदराने त्याचं काम विचार. ज्याला ते सॉफ्टवेअर रोज वापरायचंय, त्याचं ऐकल्याशिवाय एकही रिक्वायरमेंट पुढे पाठवू नकोस.