महानगरातील घुबडे
(परिसर-अभ्यासाचा एक पाठ)

घुबडाचे नाव काढताच मुलांच्या मनात ओसाड वाडा, स्मशान आणि अपशकुन यांची चित्रे उभी राहतात. हा पक्षी मनुष्यवस्ती टाळतो, असाही समज रूढ आहे. वस्तुतः मुंबईसारख्या दाट वस्तीच्या महानगरातही घुबडांच्या अनेक जाती राहतात. त्या वेगवेगळ्या ओळखता येऊ लागल्या म्हणजे भीतीची जागा कुतूहल घेते. हाच या पाठाचा हेतू होय.

ओळखीच्या खुणा. राहण्याची जागा, चेहरा आणि आवाज या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

गव्हाणी घुबड जुन्या दगडी इमारतींच्या झरोक्यांत व छपराखालच्या पोकळीत राहते. त्याचा चेहरा पांढरा व बदामाच्या आकाराचा, डोळे काळे आणि आवाज कर्कश चीत्कारासारखा असतो. दिवसा ते बाहेर दिसले की कावळे त्याच्याभोवती गलका करतात. तो गलका ऐकून वर पाहिल्यास पुष्कळदा त्याचा पत्ता लागतो.

पिंगळा साळुंकीएवढा, सुमारे २१ सेंटिमीटर लांबीचा असतो. अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. रस्त्याकडेच्या वडाच्या किंवा चिंचेच्या ढोलीत तो जोडीने राहतो व तिन्हीसांजेला कलकलाट करतो. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही पिंगळाच म्हणतात, हे मुलांना ठाऊक असेल.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचे आहे. तेथील झाडीत रानपिंगळा आढळतो. त्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी बारीक आडवे पट्टे असतात आणि त्याची साद सावकाश सुरू होऊन क्रमाक्रमाने जलद होत जाते. तेथेच पाण्याच्या आसपास मोठे मत्स्य घुबड राहते. मासे व खेकडे हे त्याचे मुख्य अन्न. त्याच्या डोक्यावरील शिंगांसारखे तुरे म्हणजे कान नव्हेत; ती केवळ पिसे होत.

शहरात वास्तव्य का? जेथे धान्य व कचरा, तेथे उंदीर-घुशी. आणि जेथे उंदीर, तेथे गव्हाणी घुबड. त्याच्या पंखांच्या कडा झालरीसारख्या असल्यामुळे उडताना आवाज होत नाही. दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीत नसल्यामुळे भक्ष्याची जागा त्याला केवळ ऐकून अचूक कळते. गावच्या गोठ्यात व कोठारात हेच घुबड हेच काम करते. त्याच्या नावातही गुरांची गव्हाण आहेच.

कृती. घुबड न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने तोंडावाटे टाकते. घुबडाच्या बैठकीखाली अशा वाळलेल्या गोळ्या सापडतात. शिक्षकांनी त्यांतील एक काडीने उकलून दाखवावी आणि उंदरांच्या कवट्या व जबडे मुलांकडून मोजवून घ्यावेत. नंतर सर्वांनी हात साबणाने धुवावेत. घुबड शेतकऱ्याचा शत्रू की मित्र, याचे उत्तर मुलांना त्या मोजणीतूनच मिळेल.

विशेष सूचना. अंधश्रद्धेपायी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडून मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये हा गुन्हा आहे. विष खाल्लेला उंदीर गिळल्यानेही घुबड मरते, हे पालकांपर्यंत पोहोचवावे. पिल्लू खाली पडलेले आढळल्यास ते पाळू नये, वनखात्यास कळवावे. शाळेजवळच्या चिंचेवरील पिंगळ्यावर एकाही मुलाने दगड उचलला नाही, तर हा पाठ साधला असे समजावे.