कारवान कुत्रा : लक्षणे व निगा

दक्षिण महाराष्ट्र आणि त्यास लागून असलेल्या कर्नाटकाच्या भागात कारवान ही शिकारी कुत्र्याची जात पूर्वापार आढळते. मुधोळ संस्थानचे अधिपती राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस उत्तेजन दिल्याने तिला मुधोळ असेही नाव मिळाले. 2005 साली भारतीय टपाल खात्याने या कुत्र्याचे चित्र असलेले तिकीट काढले.

लक्षणे : डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब व शेपटी बारीक असते. उंची साधारणतः 65 ते 72 सेंटिमीटर भरते. अंगावरील केस आखूड व तुळतुळीत असतात. कान, शेपटी व पाय यांवर लांब मऊ केस असणाऱ्या प्रकारास पश्मी म्हणतात. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने सावज हेरतो व वेगाच्या बळावर ते गाठतो. परक्या माणसाशी तो सहसा सलगी करीत नाही.

उपयोग : 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ससा, हरिण इत्यादी वन्य प्राण्यांवर कुत्रा सोडणे गुन्हा आहे. म्हणून शेत, गोठा व मेंढवाडा यांची राखण हाच त्याचा आजचा योग्य उपयोग होय. मात्र धावण्याची उपजत ओढ कायम राहते. दिवसभर साखळीस बांधलेला कुत्रा चिडखोर बनतो. त्यास रोज सकाळी व सायंकाळी, उन्हाचा ताप नसताना, कुंपणाच्या आत मोकळे धावू द्यावे.

आहार : हा कुत्रा स्वभावतःच सडपातळ असतो. शेवटच्या एकदोन फासळ्या दिसल्या म्हणून तो उपाशी आहे असे समजून त्यास लठ्ठ करू नये. नुसत्या दूधभाकरीवर पिलाची वाढ नीट होत नाही. अंडी किंवा शिजविलेले मांस जोडीस द्यावे. पिलास दिवसातून तीन-चार वेळा व मोठ्या कुत्र्यास दोन वेळा खाऊ घालावे. जेवणानंतर लगेच पळवू नये. द्राक्षे, बेदाणे व कांदा ही कुत्र्यास विषारी आहेत, हे बागायतदारांनी विशेष ध्यानात ठेवावे. मेंढीचे कच्चे आतडे-काळीज खाऊ घातल्यास फीतकृमी होतात व त्यांचा उपद्रव माणसांपर्यंत पोहोचतो.

रोगप्रतिबंध : पिलास दोन आठवड्यांपासून जंताचे औषध सुरू करावे. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा वेळेवर द्याव्यात. तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळ रोगाची लस द्यावी व ती दरवर्षी टोचावी. गोचीड नियमित काढावेत. त्वचा पातळ असल्याने निजण्यास गोणपाट किंवा गवत अंथरावे. शस्त्रक्रियेच्या वेळी या जातीस भुलीची काही औषधे अधिक बाधतात. यासाठी कुत्र्याची जात पशुवैद्यास आधी सांगावी.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना अथवा मिरची जखमेत भरू नये. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. यास्तव ग्रामसेवकांनी गावातील कुत्र्यांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचा दिवस ठरवावा.

पैदास : मादी दोन वर्षांची होईपर्यंत तिची वीण घेऊ नये. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. सख्ख्या भावंडांची जोडी लावल्यास संतती दुर्बळ निपजते. निरोगी, शांत स्वभावाची व भिन्न घराण्यांतील जोडी निवडल्यासच ही जात सुदृढ राहील.