इंजिनाचे पाणी आणि आतला क्षार



वीज नसली की आपण डिझेल इंजिनावर ऊस भिजवतो. ऐन उन्हाळ्यात इंजिन तापून जाम झाले, की दुरुस्तीचा खर्च होतोच, पण पाण्याची पाळी चुकून उसाचे झालेले नुकसान भरून निघत नाही. म्हणून थंडाव्याचा हिशेब आधी कागदावर मांडून पाहू.

५ अश्वशक्तीच्या इंजिनातून पंपाला जेवढी ताकद मिळते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता बिडाच्या भिंतीतून पाण्यात जाते. पाणी आत जाताना ३० अंश आणि बाहेर पडताना ६० अंश सेल्सिअस धरले, तर मिनिटाला सुमारे २ लिटर पाणी लागते. धार निम्मी झाली, की तेच पाणी ९० अंशांवर जाते. मग उकळायला कितीसा वेळ?

शेतावर फिरताना आम्ही पाहतो, की धार चांगली असूनही काही इंजिने तापतात. ते का? जड पाण्याचा क्षार आतल्या भिंतीवर बसतो. १ मिलिमीटर क्षार उष्णतेला निदान १ इंच बिडाइतका अडवतो. बाहेरचे पाणी हाताला नेहमीसारखेच लागते, आतले बीड मात्र भाजत असते.

तेव्हा उन्हाळ्यापूर्वी मिस्त्रीकडून पाण्याची पोकळी साफ करून घ्यावी. १० लिटरची बादली ५ मिनिटांत भरते का, हे अधूनमधून पाहावे. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी सोडू नये, बीड तडकते. बंद करून आपोआप निवू द्यावे.